निवडून दिलेली लेकरं

"काय खाऊन आली?" येनाच्या झाडाआडून वच्छलाबाईनं विचारलं.

"पोहे, मावशी."

"अन् काल राती? अंडा, मच्छी?"

"वरण-भात. इथं यायचं म्हणून मुद्दाम."

"मंग ये. चपला तिथीच ठेव."

दिव्यानीनं चपला काढल्या, राखेची रेघ ओलांडली आणि झाडांखाली आली. कुरखेड्याकडच्या या जंगलात मासेमार ढिवरांची घरं पिढ्यान्‌पिढ्या रेशमाचा कोसा पिकवत आली आहेत. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर टसरचे किडे सोडायचे, ते पानं खाऊन बोटाएवढे होईस्तोवर पाखरांपासून, मुंग्यांपासून राखायचे, आणि त्यांनी आपल्याभोवती कोसा विणला की उतरवून बाजारात न्यायचा. राखण म्हणजे व्रतच. किडे झाडावर असेस्तोवर वच्छलाबाई मासळी खात नसे, तेही ढिवराच्या घरात राहून. डोक्याला तेल नाही, निजायला खाट नाही. अंघोळ करून ओलेत्यानं झाडाच्या बुंध्याशी पाणी घातल्याखेरीज चहाचा घोटही घशाखाली जात नसे. नवरा डोमा सगळं पाळी, पण कुरकुरत. "देव पावते बायकोले, उपाशी मी मरतो," असं स्वतःलाच सांगत फिरे.

दिव्यानी नागभीडकडच्या एका संशोधन केंद्रातली. तिचं काम अळ्यांच्या रोगांचं. सागाची पानं खाणाऱ्या अळीला एका विषाणूचा रोग लागतो. अळी शेंड्याला जाते, उलटी लटकते आणि तिचं पाणी होतं. मात्र तोवर आठवडाभर ती खातच राहते. केंद्रानं त्या विषाणूच्या जनुकांतच थोडा बदल केला होता. आता रोग लागलेली अळी लवकर खाणं सोडायची.

लटकणं वच्छलाबाईला कुणी समजावायला नको होतं. तिच्याही झाडांवर एखाद्या वर्षी तसा रोग येई, आणि त्या वर्षी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

"म्हंजे ज्याच्यासाठी आमी देवाले हात जोडून राह्यलो, तेच तुमी बाटलीत भरून राह्यले?"

दिव्यानी हसली. "तेच नाई मावशी, त्याचा चुलतभाऊ म्हणा. सागाच्या अळीचा रोग वेगळा, कोशाच्या किड्याचा वेगळा. याचा त्याला लागत नाही, असं आमचं म्हणणं. पण नुसतं म्हणून चालत नाही. उघड्यावर थेंबभर टाकण्याआधी दाखवून द्यावं लागतं. त्यासाठी तुमचे किडे पायजेत."

वच्छलाबाई पलीकडे बघत राहिली. ओढ्यापल्याड एका मालकाची सागाची लागवड होती. मागच्या हंगामात त्यानं अळीवर जहाल औषध मारलं, वारा इकडे वळला आणि तिची वरच्या अंगाची झाडं एका दुपारीत ओकीबोकी झाली. किडे खाली पडले होते, पानांसारखे. दिव्यानीच्या बाटलीतून काही निघालं तर ते औषध थांबणार होतं. नाहीतर यंदाही तेच.

पण चालू पिकातला किडा परक्याच्या हाती द्यायचा नसतो. गावात कुणी देईना. दीर पत्रू तर कुंपणावरूनच म्हणाला, "वयनी, लेकरं माराले देऊन राह्यल्या का?"

"तुह्या झाडाचे नाई देत ना? मंग गुमान राय," वच्छलाबाई म्हणाली आणि टोपली घेऊन झाडाकडे गेली.

खालच्या फांद्यांवर मागं पडलेले, पिवळट, सुस्त किडे होते. तिनं तेच वेचले. दिव्यानीला दिलेला शब्दही राहिला, झाडंही शाबूत राहिली, असं तिनं मनाशी म्हटलं. बाकी काही मनात येऊ दिलं नाही.

आठवड्यानं दिव्यानी परत आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. अंगणात डोमा, पत्रू, शेजारच्या दोघीतिघी जमल्या होत्या.

"गेले, मावशी. सगळे लटकले."

"पाहा!" पत्रू उठलाच. "म्या म्हनलंच होतं! आता या बाईले गावात पाय ठेवू देऊ नोका."

"अहो, ऐका तर. ज्यांना आमचा विषाणू दिलाच नव्हता, तेही गेले. त्यांना आधीचंच काहीतरी असावं. मला काही कळेना झालंय."

"कराचं काय कळून? मेले का नाई?" पत्रू म्हणाला.

वच्छलाबाई चुलीपुढून उठली. हात पदराला पुसत बाहेर आली. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. फक्त ओढ्यापल्याडचं औषध पुन्हा आलं असतं.

"रोगी म्याच देल्ले होते," ती म्हणाली. "बरे ठेवले, रोगी देल्ले. देवाले किडका नारळ देल्ला अन् देव पावला नाई म्हनून बोंबलून राह्यलो आपन." मग दिव्यानीकडे वळून, "आता बरे देतो. पन मी संग येतो. त्याइले माह्या हाताची सवय हाय."

डोमानं कपाळावर हात मारला. "अन् झाडं कोन राखन?"

"तू. अन् मच्छी खाल्ली त मले तिथी कळन."

वच्छलाबाईनं शेंड्याकडचे हिरवेगार, टपोरे किडे फांद्यांसकट काढले. डोमानं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि टोपली धरली.

केंद्रात बारीक जाळीच्या खोल्या होत्या. दोन खोल्यांत येनाची रोपं, तिसरीत साग आणि त्याच्या अळ्या.

"कोणत्या रोपांवर विषाणू आहे ते मी सांगणार नाही," दिव्यानी म्हणाली.

"नोको सांगू. दोन्हीइले सारखंच पाहीन."

आणि तिनं पाहिलं. निजायला जमीन, जेवायला स्वतः शिजवलेला भात. सकाळी ओलेत्यानं ती कुंडीतल्या रोपांना पाणी घाली, तेव्हा चौकीदार आधी हसे. पुढेपुढे नळ सोडायला तोच येऊन उभा राहू लागला. किड्यांनी कात टाकली, पुन्हा टाकली. तिसऱ्या खोलीत सागाच्या अळ्या शेंड्यांना लटकू लागल्या, पानं बहुतेक तशीच होती. येनाच्या दोन्ही खोल्यांत मात्र किडे खात राहिले, अंगानं भरले, आणि एका सकाळी पानं ओढून घेऊन विणायला बसले.

दिव्यानी जाळीबाहेर नाचायचीच राहिली होती. "मावशी, एकही नाही गेला! आता त्या औषधाची गरज नाही, हे लेखी सांगता येईल."

"मले मालूम होतं," वच्छलाबाई म्हणाली. "चांगले देल्ले होते ना."

कोसे पक्के झाले. तिनं ते न्यायला टोपली पुढं केली, तशी दिव्यानीनं टोपलीवर हात ठेवला.

"काऊन वं?"

"या खोलीतलं काहीच बाहेर नेता येत नाही. माती, पानं, किडे... सगळं वाफेत घालून मग जाळायचं. तसा नियम आहे. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं मावशी. धीर झाला नाही."

आत प्रत्येक कोशात जीव होता. वच्छलाबाईनं एक कोसा हलकेच हातात धरला. आतलं वजन हललं.

"रोगी देल्ले तवा म्याबी तुले कुठी सांगतलं होतं," ती म्हणाली. "कातर दे."

दिव्यानी मदतीला वाकली आणि एक कोसा ओढू लागली.

"ओढू नोको. देठ तुटते. देठासकट काप."

"मावशी, हे तर आता वाफेतच..."

"तरीबी."

एकेक कोसा तिनं बाजाराला न्यावा तसा कापला, पान झाडलं, आणि वाफेच्या लोखंडी पिंपात देठ वर करून ओळीनं मांडला. वाकून न कळणारं काहीतरी पुटपुटली. दिव्यानीनं झाकण लावून खटका दाबला.

वच्छलाबाईनं झाकणावर तळहात ठेवला. ते तापून सोसेनासं होईस्तोवर तिनं तो उचलला नाही.