एका दिवसाचा खाडा

“हा खेळ नव्हे गं. ही हजेरी आहे,” आई म्हणाली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून दिला.

अर्धा तास खटपट करून मी तो खेळ तिच्या फोनवर चढवला होता. एक बाग होती. ती रोज उघडायची, झाडांना पाणी घालायचं, मग एक नवं बी मिळायचं. ओळखीच्यांच्या बागेतही डोकावता यायचं आणि ज्यानं त्या दिवशी खेळ उघडला असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा. मला तो ठिपका हवा होता. झाडांशी मला काही देणंघेणं नव्हतं.

“सलग सात दिवस उघडलं की बक्षीस मिळतं,” मी म्हटलं.

“आणि खाडा झाला तर?”

“तर पुन्हा पहिल्यापासून.”

“बघ. आमच्या कारखान्यात निदान आठवड्याची सुट्टी तरी होती.”

तिनं चष्मा पुसला, फोन पुन्हा उचलला, माझ्या नावापुढचा ठिपका पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे मी हलतेय-बोलतेय की नाही, ते तुला तिकडं बसून कळणार.”

“तसं नाही काही.”

“तसंच आहे. खोटं बोलताना तुझा कान लाल होतो, लहानपणापासून. आण इकडे. पाणी कुठून घालायचं?”

दोन महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली होती. सकाळी आठला पडली ती दुपारी चारपर्यंत तिथंच होती. खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांना वरचा नळ इतका वेळ वाहतोय हे खटकलं, म्हणून ते वर आले. बाबा मी शाळेत असतानाच गेलेले. मी बसनं आठ तासांवर, एका कॉलेजात हंगामी शिकवायला. रोज फोन करते म्हटलं तर ती उडवून लावायची. “रोज काय बोलायचं? तू विचारणार जेवलीस का, मी सांगणार जेवले. त्यात पोट कुणाचं भरतं?” रविवारी सकाळी दहाला एक फोन, एवढंच तिला मंजूर होतं. एरवी ती स्वतःहून कधी फोन करायची नाही. आडवारी तिचा फोन आला असता तर मी मिळेल ती पहिली बस पकडली असती.

आई एकतीस वर्षं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात टाइम ऑफिसात होती. फाटकाजवळच्या खोलीत बसून चारशे माणसांची हजेरी लिहायची. एखाद्यानं मित्राची हजेरी लावली तर तिला ते कळायचंच. कसं कळतं, मी एकदा विचारलं होतं. “खरा माणूस कधी दोन मिनिटं आधी येतो, कधी दहा मिनिटं उशिरा, कधी पोर आजारी म्हणून येतच नाही. खोटी हजेरी मात्र ठोक्याला असते. महिनाभर एकही खाडा नाही असं दिसलं की समजावं, सही करणारा दुसराच कुणीतरी आहे.” ड्रायव्हरकाका तिला मस्टरबाई म्हणायचे ते यावरूनच.

टाइम ऑफिसात संगणक आला तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. तो बसवायला आलेल्या माणसानं जाताना त्यावर सुरुंग शोधायचा एक खेळ ठेवला. जेवणाच्या सुट्टीत आई तो खेळू लागली आणि तो नाद पुढे सुटला नाही. घरी जुना संगणक आला, मग त्याहून कमी जुना. खेळांच्या जातींना तिची स्वतःची नावं होती. तिचे आवडते ‘धुंडाळ्याचे’. पडकं घर, कुलूपबंद पेटी, किल्ली कुठंतरी. तिचं इंग्रजी यथातथाच. शेजारी जाडा शब्दकोश उघडा ठेवून ती बसायची. बिजागरीला, कंदिलाला, तळघराला इंग्रजीत काय म्हणतात हे ती खेळातून शिकली. “दार उघडलं नाही तर दार काही रागावत नाही,” ती म्हणायची. “उद्या या म्हणतं.”

मग ‘धाडधाडीचे’ आले. समोरचा कोण, कुठला, विचारायची सोय नाही, ही तिची तक्रार. पण खेळायची, आणि नेमही पक्का होता. काका मागं खुर्ची टाकून बसायचे.

“मस्टरबाई, डावीकडं एक आहे.”

“त्याला मघाशीच मारलाय. तुम्ही रस्त्याकडं लक्ष ठेवा.”

त्यानंतरच्या खेळांत मोठमोठी शहरं, डोंगर, नद्या आल्या. ती आधी हरखली, महिन्याभरात वैतागली. “एवढे डोंगर उभे केले आणि वर बाण दाखवतात, इकडून जा. मग मी कशाला जाऊ? बाणालाच पाठवा.” आणि शेवटी फोनवरचे, ज्यांना ती हजेरीचे म्हणायची. “पूर्वी खेळ संपायचा. संपला की बनवणाऱ्यांची नावं यायची, मी सगळी वाचायचे. आता नावंही नाहीत नि शेवटही नाही. शेवट नाही तो खेळ कसला, ती नोकरी झाली. नोकरीलासुद्धा निवृत्ती असते.”

मी साहित्य शिकवते. आईला कशाची आवड आहे असं कुणी विचारलं की मी वाचनाची म्हणायचे. हे तिला कसं कळलं कोण जाणे. एकदा सहज म्हणाली, “तुझ्या कादंबरीत आपण नुसतं पान उलटलं तरी माणसं पुढं जातात. माझ्याकडं मी हलले नाही तर कुणीच हलत नाही. जबाबदारी असते गं.” मी हसण्यावारी नेलं.

तर अशी आई दीड वर्षं त्या बागेला पाणी घालत होती. रोज एकदा शिव्या घालून आणि रोज एकदा ठिपका लावून. कधी सकाळी आठला, कधी अकराला. मी पहिल्या तासाला जाण्याआधी एकदा बघायचे, नसला तर दुपारी बघायचे. मधे दोनतीनदा खाडा झाला, तेव्हा मी संध्याकाळी फोन केला आणि तिनं “बँकेत गर्दी होती” असलं काहीतरी सांगून ठेवून दिला.

मी अकरा वर्षं हंगामी काढल्यावर आमच्या कॉलेजात कायमची एक जागा निघाली. मुलाखत शनिवारी होती. त्याआधीच्या रविवारी दहाला आमचं बोलणं झालं. ती नेहमीपेक्षा थोडक्यात बोलली. “घसा बसलाय. तू अभ्यास कर, मला काही सांगत बसू नकोस.”

सोमवारी ठिपका होता. मंगळवारी, बुधवारीही. मंगळवारी तिच्या बागेतलं एक मोठं झाड मुळापासून गेलेलं दिसलं. चिडून उपटलं असेल, असं वाटून मला गंमत वाटली. गुरुवारी मात्र ठिपका आला नाही. साडेपाचला मी फोन केला.

“खाडा झाला तुझा.”

“झाला खरा,” आई म्हणाली. आवाज खोल गेलेला. “सुकली का झाडं?”

“कुठं होतीस?”

“इथंच. नवा खेळ लागलाय हाताला. त्यात राहून गेलं.”

मागे कुठलीतरी चाकं खडखडत गेली. काहीतरी बारीक, एका लयीत वाजत होतं.

“काय वाजतंय?”

“तोच. दवाखान्याचा खेळ आहे.”

“त्यात काय करायचं?”

“विशेष काही नाही. पडून राहायचं. धिमा आहे, पण काढलाय छान. खिडकीबाहेर झाडबीड आहे. सिस्टर लोकांना उसंत नाही. माणसं मात्र फार थांबतात गं त्यात.”

“बाण आहे का?”

“नाही. बाण नाही. कुठं जायचं ते कळत नाही.”

“मग आवडला असेल तुला.”

“वाईट नाही,” ती म्हणाली, आणि मी हसले.

“काहीतरी सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“काहीही. कॉलेजातलं सांग.”

मी तिला आमच्या मुख्य लिपिकाची गोष्ट सांगितली. त्यानं माझा अर्ज तीनदा हरवला आणि तिसऱ्यांदा तो त्याच्याच जेवणाच्या डब्याखाली सापडला, तेलाच्या गोल डागासकट. ती “हं, हं” करत होती. एरवी दुसऱ्या मिनिटाला “बरं, ठेव आता” म्हणणारी बाई त्या दिवशी ठेव म्हणाली नाही. शेवटी मीच म्हणाले, मला वाचायला बसायचंय.

शुक्रवारी ठिपका होता. शनिवारी सकाळी मुलाखतीला आत जाण्याआधी पाहिलं, तेव्हाही होता. त्या हिरव्या ठिपक्यानं मला किती बळ दिलं हे आज सांगवत नाही. संध्याकाळी काकांचा फोन आला.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा आई बोलत नव्हती. छातीत पाणी झालं होतं, मूत्रपिंडंही थकली होती. नर्सनं सह्यांसाठी कागद पुढे केले. त्यावर दाखल केल्याची वेळ होती : मागचा रविवार, दुपारी सव्वाबारा. माझ्याशी बोलून दोन तास झाल्यावरची. खाली नातेवाइकाची सही होती आणि ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात काकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : खालचा मजला.

मी बाहेर आले. काका बाकावरून उठले.

“हजेरी तुम्ही लावत होता?”

“सोमवारची तिनंच लावली. मग आयसीयूत नेलं. तिथं फोन चालत नाही. पुढची मी.”

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. दिवसभर आईशी बोलत होते. तिनं ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. सोमवारी दुपारी ती गेली. त्याच आठवड्यात पत्र आलं. जागा मला मिळाली होती.

पंधरा दिवस मी आईच्या घरात कपाटं आवरत होते. काका जिन्यात भेटले की मी बाजूला होत असे. मग एका दुपारी ते वर आले. हातात आईचा फोन होता, वायर नीट गुंडाळलेली.

“हा राहिला होता माझ्याकडं. चार्ज केलाय.”

मी घेतला. बसा म्हटलं नाही. ते उभेच राहिले.

“बोल काय बोलायचं ते,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्यात मी. गप्प बसलेला प्रवासी मला सोसत नाही.”

“एकदा तरी सांगायचं होतं, काका. सहा दिवस होते माझ्याकडं.”

“मंगळवारी तुझा नंबर लावायला घेतला होता. भेटायच्या वेळेत तिला सांगून टाकलं, की आता कळवतो. तर म्हणाली, ड्रायव्हरसाहेब, घाटात ब्रेक कमी लागायला लागला तर गाडीत ओरडून सांगता का? मी म्हटलं, नाही, गिअर खाली घेतो, हळूहळू कडेला लावतो. म्हणाली, मग शनिवारपर्यंत लावा कडेला.”

“आणि तुम्ही ऐकलंत.”

“तुझ्या आईचं न ऐकलेला माणूस दाखव मला.” ते दाराच्या चौकटीला टेकले. “डॉक्टरसुद्धा म्हणत होते, आठवड्यात घरी जातील. शनिवारी दुपारी एकदम बिघडलं. नाहीतर मी… ते जाऊ दे. चूक ती चूकच.”

मी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले.

“शिकवलं कसं तिनं तुम्हाला?”

“तोंडी. रोज वेगळ्या वेळेला उघडा म्हणाली. ठोक्याला उघडलंत तर पोरगी ओळखेल. माझी बोटं ही अशी. पहिल्याच दिवशी पाणी घालायला गेलो तर झाडच उपटलं.”

“ते तुम्ही होय? मला वाटलं आईनं रागानं उपटलं.”

“मलाही हेच म्हणाली. पोरीला वाटेल मीच रागानं उपटलं, काळजी करू नका.”

आम्ही दोघंही जरा हसलो.

“गुरुवारी विसरलात का?” मी विचारलं.

“विसरलो नाही. तिनं सांगितलं, आज लावू नका, खाडा करा. मी म्हटलं, आता दोनच दिवस राहिलेत, कशाला? म्हणाली, सलग फार झालं, खोटं दिसेल. मला पटलं. तिचंच खातं ते.” काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “मग म्हणाली, फोन आत आणा. सिस्टरचे पाय धरायचे बाकी ठेवले मी. चार वाजता आणून दिला. मास्क बाजूला करून ती फोनकडं बघत पडून राहिली. सिस्टर येऊन मास्क लावायची, ती पुन्हा काढायची. दीड तास.”

“मी साडेपाचला केला.”

“साडेपाचला. झाल्यावर मी म्हटलं, मस्टरबाई, जमलं, ओळखलं नाही पोरीनं. तर तिनं डोळे मिटून घेतले, पण चेहरा हसरा होता. त्या रात्री नीट झोपली, असं सिस्टरनंच सांगितलं.” काकांनी मान हलवली. “मला तेव्हा कळलं नाही, पोरी. मला आपलं वाटलं, हजेरी खरी दिसावी म्हणून खाडा. पंधरा दिवस डोक्यात तेच फिरतंय. तिनं आपण होऊन फोन केला असता तर तू घाबरून धावत आली असतीस. आणि खाडा झाला की तू फोन करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी केली, घंटी वाजवली, निघून गेलं.

“येतो,” काका म्हणाले आणि चपला शोधत बाहेर गेले.

दार लोटून मी तशीच उभी राहिले. त्यांची पावलं दोनचार पायऱ्या ऐकू आली. खाली त्यांच्या दाराची कडी वाजेल म्हणून मी कान देऊन होते. कडी वाजली नाही. मी थोडं थांबले, आणखी थोडं थांबले, मग दार उघडलं.

काका जिन्यात मधेच बसले होते, कठड्याला धरून.

“काय झालं काका?”

“काही नाही. गुडघा. जरा थांबलोय.”

जिना अरुंद होता. मी त्यांच्या वरच्या पायरीवर बसले.