डावा कान चव्हाट्यावर

वाटाण्याएवढं ते यंत्र तळहातावर ठेवलं की एखाद्या झोपलेल्या किड्यासारखं दिसायचं, आणि बाई रोज सकाळी त्याला फुंकर घालून जागं करायच्या. मग मान कलती करून ते डाव्या कानात, त्यावर केसांची बट, बटेवर चिमटा. हा कार्यक्रम आजवर आरशाखेरीज कुणी पाहिला नव्हता. शाळेत गाणं शिकवणारी बाई आणि एक कान जवळजवळ गेलेला... लोक काय म्हणतील ते बाईंनी लोकांच्या वतीनं स्वतःच इतक्यांदा म्हणून घेतलं होतं, की लोकांना वेगळे कष्ट पडायचे नव्हते.

फोन वाजला. नणंद.

"वहिनी! ऐकू — येतंय — का?"

"हळू गं, कान फुटेल माझा," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात बटेवरच्या चिमट्याकडे गेला. हिला कसं कळलं?

कळलं होतं ते असं, की यंत्रासाठी, ऑपरेशनसाठी ज्यांनी ज्यांनी सरकारी मदत घेतली, त्या सगळ्यांची माहिती आरोग्य खात्यानं आपल्या साइटवर उघडी टाकली होती. कडी नाही, कुलूप नाही. गल्लीचं नाव टाकलं की घरागणिक माणसं, माणसागणिक दुखणी, वर फोन नंबर. "तुमच्या वरच्या मजल्यावरचे वकील आहेत ना, त्यांची मूळव्याधसुद्धा!" नणंद एकदम आवाज खाली आणून म्हणाली. आवाज खाली आणला की बाईंना ऐकू येत नसे. एवढं मात्र लख्ख ऐकू आलं.

शाळेआधी बाई तडक खात्याच्या कचेरीत गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या आणि तपासणीचा तो दिवस उगीचच आठवला... काचेच्या खोलीत बसवलं होतं, आवाज आला की बटण दाबायचं. आवाज कुठला यायला! मी आपली ठेक्याच्या अंदाजानं दाबत राहिले, परीक्षेत शेजारणीचं बघून लिहावं तशी, आणि डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आवाज मी केव्हाच बंद केलाय..." कसली फजिती! पण ती दोघांतच राहिली. डॉक्टर कुणाला बोलले नाहीत. माझी लाज माझ्यापाशी ठेवायला त्यांना कुठला कायदा लागला होता?

"नाव? जन्मतारीख? कोणता कान?" खिडकीतल्या कारकुनानं खणखणीत आवाजात विचारलं.

"जरा हळू विचारा ना."

"तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच ओरडतोय, मॅडम!"

अख्खी रांग वळून बघायला लागली. बाईंचे कान तापले. दोन्ही.

"अहो, माझी माहिती बाहेर गेली म्हणून मी आलेय, आणि तुम्ही..."

"गेली कुठे? आहे तिथेच आहे. फक्त दिसतेय. काढतील वरचे."

"कधी?"

"ते वरचे सांगतील."

मागून कुणीतरी खोकलं. वकील! इतकी वर्षं जिन्यात "काय, बरं आहे ना?" यापलीकडे शब्द न गेलेला हा ताठ माणूस, आणि आता दोघांनाही एकमेकांचं नको ते सगळं ठाऊक.

"बाई," कचेरीबाहेर आल्यावर वकील म्हणाले, "जन्मभर मी कोर्टात बसायला खुर्ची घेतली नाही. लोक म्हणायचे, काय बाणेदार माणूस आहे!"

बाईंनी ओठ दाबून धरले, पण हसू कुठलं ऐकतंय. वकीलही हसायला लागले, आणि हसता हसता वळसा घालून बाईंच्या उजव्या बाजूला आले. "सोडायचं नाही हं यांना," ते म्हणाले. "तुम्ही वकीलपत्रावर सही करा, लढतो मी. उभ्यानंच."

वर्गात बाई शिरल्या तेव्हा पोरं नको तितकी शहाण्यासारखी बसली होती. ही शांतता बाईंना बरोबर ऐकू आली. आता सूर लावून वेळ मारून न्यावी... रोज नेतेच की...

"डावीकडच्यांनो," त्या म्हणाल्या, "मला या कानानं ऐकू येत नाही."

"माहितीये, बाई. आईनं सांगितलं."

"आईला कुणी सांगायला सांगितलं होतं? माझी गोष्ट आहे ती. मी सांगणार. आता माझ्या तोंडून ऐका." आणि त्यांनी सांगितली, काचेच्या खोलीतल्या बटणासकट. पोरं बाकांवर लोळून हसली. मग सगळ्यांना उजवीकडे अर्धगोल उभं करून गाणं सुरू झालं, आणि आजवर नुसते हलताना दिसणारे दोन-तीन ओठ चक्क बेसूर निघाले. अरे लबाडांनो! इतके दिवस चैन केलीत की!

दुसऱ्या कडव्याला दारात मुख्याध्यापिका दिसल्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे; चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी बोटानं खूण केली: जरा बाहेर या. काल ही खूण दिसती तर बाई कडवं अर्ध्यात टाकून धावल्या असत्या. आज बाईंनी, आपलं आपल्यालाच नवल वाटत, हाताचा पंजा उंचावून मुख्याध्यापिकांना थांबवलं — हे कडवं होऊ दे आधी — आणि बेसूर कोण ते धरायला मान पुढे केली.