पायलटचा बिनसिमचा फोन

लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत त्याला सगळे पायलट म्हणत, आणि त्याचं कारण त्याच्या खिशात होतं. त्याचा फोन कायम विमान मोडवर असे. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं इवलंसं विमान सहसा खाली उतरत नसे, आणि सिमची खाच रिकामी होती.

"काय पायलट, आज किती उंचीवर?" सकाळी हजेरीच्या वेळी कोणी ना कोणी विचारायचंच.

"सहाव्या मजल्यापर्यंत. हवामान स्वच्छ."

हशा पिकायचा. प्रश्न रोज तोच असल्यामुळे उत्तर चुकायची भीती नव्हती.

फारच कोणी खोदून विचारलं तर तो फोन तळहातावर ठेवून दाखवायचा. "याला फोन कशाला म्हणता? खिशातला संगणक आहे हा." आणि ते खोटं नव्हतं. वायरिंगचे सगळे नकाशे त्यात होते. तारा सोडवण्याआधी तो त्यांचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे जोडताना डोकं खाजवत बसावं लागत नसे. दाराची चौकट सरळ आहे की नाही ते तो फोन टेकवून पाहायचा. स्क्रीनवरचा बुडबुडा मधोमध आला की काम झालं. विजेरी, भिंग, आकडेमोड, शब्दकोश, शहराचा नकाशा, सगळं आतच. सकाळी उशीखाली फोन थरथरला की त्याला जाग यायची. रविवारी वाचनालयाच्या वाय-फायवर तो हवं ते उतरवून घ्यायचा आणि तिथला जिना उतरता उतरता विमान पुन्हा हवेत सोडायचा.

खरं कारण मात्र कंपनीत एक जण सोडला तर कोणाला ठाऊक नव्हतं. पायलटला ऐकू येत नव्हतं.

एका दिवसात काही गेलं नाही ते. लिफ्टच्या मोटारीच्या खोल्यांमध्ये उमेदीची वर्षं गेली आणि त्यांच्या मागोमाग आधी डावा कान, मग उजवा. शांत खोलीत समोरचा माणूस हळू बोलला तर ओठांवरून तो निभावून न्यायचा. फोनवर ओठ कुठले? कानात यंत्र घातलं तर ते चारचौघांना दिसणार, आणि कंपनीचा नियम साफ होता: ज्याला हाक ऐकू येत नाही त्यानं लिफ्टला हात लावायचा नाही. अशांची जागा गोदामात. मागच्या अंगणापलीकडची, सुट्ट्या भागांनी भरलेली, बिनमाणसांची खोली. तशी एक खोली त्याच्या घरी होतीच. बायको गेल्यापासून त्या घरात दुसऱ्या माणसाची चाहूल नव्हती. लिफ्टचं काम निदान दोघांनी करायचं असतं. दिवसाचे आठ तास जवळपास कोणीतरी असायचं. ते गमवायची त्याची तयारी नव्हती.

या लपवालपवीपायी एक माणूस त्यानं आधीच गमावलं होतं.

ताई, त्याची थोरली बहीण, दर रविवारी फोन करायची. बायको होती तोवर ती स्पीकर लावून ऐकायची आणि ताईचं बोलणं ओठांनी त्याला पोचवायची. ती गेल्यावर तो एकटाच फोन कानाला लावून बसू लागला. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. "हो", "बरं", "छान" असं आलटून पालटून म्हणत तो वेळ मारून न्यायचा. एका रविवारी ताई बराच वेळ बोलली. ती थांबली तसा तो म्हणाला, "छान, छान झालं." पलीकडून फोन ठेवला गेला. मेहुण्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागणार आहे, असं ती सांगत होती. हे त्याला भाच्याच्या मेसेजवरून कळलं. "मामा, आई म्हणते, तुमचं तोंड पाहायचं नाही तिला."

त्यानं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. खरं लिहायचं तर कानांबद्दल लिहावं लागलं असतं, आणि भाचा याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेत नोकरीला. ती गोष्ट आज ना उद्या साहेबांच्या टेबलावर आली असती. शेवटी त्यानं सिम काढून टाकलं. फोनच नाही म्हटल्यावर ताईचा फोन का येत नाही, हा प्रश्नही उरला नाही.

कंपनीतला त्याचा जुना जोडीदार तेवढा सगळं जाणून होता. तो लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करायचा आणि पायलट वरच्या मोटारीच्या खोलीतून लिफ्ट हलवायचा. हाकेऐवजी जोडीदार लोखंडी रुळावर पाना ठोकायचा, आणि मोटारीच्या चौकटीवर तळहात ठेवून पायलट तो ठोका ओळखायचा. मग जोडीदाराच्या गुडघ्यांनी दगा दिला. तो घरी बसला, आणि त्याच्या जागी आली जिनेवाली.

ती आधी सरकत्या जिन्यांच्या कामावर होती, म्हणून जिनेवाली. वय पस्तिशीचं, दोन मुलांची आई, आणि नियमाला पक्की. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, "काका, मी हाक दिल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही. आणि हलवण्याआधी तुम्ही माझी हाक मोठ्यानं परत म्हणायची."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. हात दोनच आहेत मला."

पायलटनं तोडगा शोधला तो खिशातच. बोलणं ऐकून ते अक्षरांत उमटवणारं ॲप असतं, आणि भाषा एकदा उतरवून घेतली की त्याला इंटरनेटही लागत नाही. मोटारीच्या खोलीच्या जमिनीत दोर खाली जायला भोकं असतात. त्यातल्या एका भोकाशी तो फोन टेकवून ठेवू लागला. लिफ्ट थांबलेली असली की खोलीत शांतता असायची आणि जिनेवालीची हाक भोकातून वर येऊन स्क्रीनवर उमटायची: "वर घ्या." "थांबा." तो ती मोठ्यानं परत म्हणायचा, लिफ्ट हलवायचा आणि अंगठ्यानं ओळ पुसून टाकायचा. पुसणं महत्त्वाचं, कारण नवीन हाक येईपर्यंत जुनी ओळ तिथंच राहायची.

महिनाभर सुरळीत चाललं. "काका, तुमचे कान तिखट आहेत हं," जिनेवाली एकदा म्हणाली. ते त्यानं वाचलं आणि तो नुसता हसला.

ती इमारत सहा मजल्यांची होती आणि लिफ्ट इतकी जुनी, की छतावर चालवायची बटणं नव्हतीच. सगळं वरच्या खोलीतूनच करायचं. चौथ्या मजल्यापाशी लिफ्ट करकरते, अशी तक्रार होती. जिनेवाली छतावर उभी राहिली. स्क्रीनवर उमटलं, "आणखी थोडं खाली घ्या."

"आणखी थोडं खाली घेतो!" पायलट ओरडला. त्यानं लिफ्ट हातभर खाली घेतली आणि अंगठा स्क्रीनवर फिरवला. हातमोजा तेलानं माखलेला होता. स्क्रीननं दाद दिली नाही. त्यानं ते पाहिलं नाही. तो ब्रेकवर पडलेली धूळ पुसायला वळला होता.

परत वळला तेव्हा ओळ समोरच होती. आणखी थोडं खाली घ्या.

"आणखी थोडं खाली घेतो!" त्यानं हाक दिली आणि लिफ्ट सोडली.

चौकटीवरच्या तळहाताला धक्का जाणवला. लोखंडावर लोखंड चिरडल्याचा. त्यानं तत्क्षणी ब्रेक दाबला आणि भोकाशी ओणवा झाला. खाली विजेरीचा उजेड हलत होता. ती ओरडत असणार. स्क्रीनवर शब्दांचे तुकडे पडत होते, एकही धड नव्हता.

ती जिना चढून वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. एका हातात पाना होता, मधोमध वाकलेला. दुसरा हात तिनं छातीशी धरला होता. पायलटनं आधी त्या हाताची बोटं पाहिली. सगळी होती.

ती बोलत होती. खोलीत अंधार होता, ओठ दिसत नव्हते. दुसरा इलाज नव्हता. त्यानं फोन उचलून दोघांमध्ये धरला.

"मी हाक दिलीच नव्हती," स्क्रीनवर उमटलं. "भिंतीच्या बोल्टाला हात घातला होता मी. तुमचा आवाज आला म्हणून ओढला. कोणी सांगितलं तुम्हाला खाली घ्यायला?"

मग तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. तिचेच शब्द तिच्याकडे पाहत होते. ती गप्प झाली. फोनही गप्प झाला.

"कधीपासून?" एवढंच उमटलं.

"बरीच वर्षं," पायलट म्हणाला.

ती पायरीवर बसली. वाकलेला पाना तिनं मांडीवर ठेवला. त्यानं फोन तसाच धरून ठेवला.

"मी ओरडले असते तर तुम्हाला कळलंही नसतं काका."

"नसतं."

"पोरं अजून लहान आहेत माझी." मग आणखी एक ओळ आली. "उद्या सकाळी तुम्ही साहेबांना सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. वाईट वाटेल मला, पण सांगेन."

"मीच सांगतो," तो म्हणाला. हाक परत म्हणायचा नियम त्यानं पाळला म्हणून तिचा हात वाचला होता, आणि ऐकलं नाही म्हणून तो धोक्यात आला होता. यात वाद घालण्याजोगं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब बोलत राहिले आणि फोन लिहीत राहिला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही हाका मारत होतो त्या कोणाला?" साहेबांनी विचारलं. मग त्यांनीच मान खाली घातली आणि गोदामाची किल्ली पुढे सरकवली.

गोदाम त्याला वाटलं होतं तसंच निघालं. फळ्यांवर चाकं, स्प्रिंगा, दारांचे रूळ, आणि छताशी एक खिडकी. सकाळी हजेरीला उंची कोणी विचारेना. लोक त्याला पाहून हसायचे आणि हात हलवायचे, लहान मुलाला हलवावा तसा. जिनेवाली सुटा भाग न्यायला यायची, लोखंडी मांडणीवर बोटानं टकटक करायची, काम सांगायची आणि जायची. तिला घाई असायची.

त्या शांततेत आठवडा काढल्यावर एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

रविवारी तो वाचनालयात गेला नाही. ताईच्या गावाचा नकाशा फोनमध्ये कधीचा उतरवून ठेवलेला होता. बसमध्ये तो निळ्या ठिपक्याकडे पाहत बसला. ठिपक्याला सिम लागत नाही. तो आपला रस्त्यानं पुढे पुढे सरकत होता.

दार ताईनंच उघडलं. तिनं त्याला पाहिलं, क्षणभर थांबली आणि पाठ फिरवून आत गेली. दार तेवढं लावलं नाही. मेहुणे खिडकीजवळच्या खुर्चीत होते, मांडीवर चादर. त्यांनी हात उचलून बस अशी खूण केली.

पायलट बसला नाही. स्वयंपाकघराच्या दारातल्या टेबलावर त्यानं फोन उताणा ठेवला. ताई मोरीशी भांडी घासत होती, पाठमोरी. नळ सोडलेला होता.

"ताई, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तुझा फोन यायचा तेव्हाही येत नव्हतं. तू काय सांगितलंस ते मला कळलंच नव्हतं. आता हा फोन लिहून दाखवतो. तू बोल, मी वाचतो."

ताईचे हात थांबले. ती बोलली असेल किंवा नसेल, नळाच्या आवाजात फोनला काही लागलं नाही. स्क्रीन कोरी होती. तो उभा राहिला. परतीची शेवटची बस संध्याकाळी होती, आणि तोवर उभं राहायची त्याची तयारी होती.

ताईनं नळ बंद केला. वळली मात्र नाही.

"कधीपासून," स्क्रीनवर उमटलं.

"बायको होती तेव्हापासून," तो म्हणाला. "ती मला सांगायची, तू काय म्हणतेस ते."

ताईचे खांदे एकदा हलले. मग थोड्या वेळानं दुसरी ओळ आली, "आणि मला वाटलं की तू", आणि तिथंच तुटली.

पायलटचा अंगठा सवयीनं स्क्रीनकडे गेला. त्यानं तो मागे घेतला. ओळ त्यानं पुसली नाही.