सतरा पाउंड त्रेचाळीस पेन्स

डॉन्कास्टरची सप्टेंबरातली मोठी शर्यत सुरू व्हायला तासभर होता. मॅव्हिसनं आपल्या घोड्यावर दोन पाउंड लावायला फोन उघडला आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली, "क्लिफर्ड, हा मेला बुकी म्हणतो, अठरा पेन्सच्या वर घेणार नाही!"

क्लिफर्डनं कप खाली ठेवला. त्यामागचं कारण त्याला ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर त्याला हा नाद लागला होता. एक बुकी एका घोड्याला चढा भाव देई, दुसरा दुसऱ्याला. कुणाकडे कशावर किती लावायचे ते कॅल्क्युलेटर सांगे. मग कोणताही घोडा पहिला येवो, तीन-चार पाउंड सुटत. असं गिऱ्हाईक बुकींना नको असतं. एकेकानं त्याच्या पैजेची मर्यादा काही पेन्सांवर आणून ठेवली. तेव्हा मार्चमध्ये त्यानं बायकोचं खातं वापरायला घेतलं, तिला न विचारता. नाव आवडलं म्हणून घोड्यावर पैसे लावणारी बाई. तिच्यावर कोण संशय घेणार?

"अगं पोरी, वीस वर्षं तुमच्याकडे हरतेय मी," मॅव्हिस बुकीच्या कंपनीला फोन लावून सांगत होती. "देवाशपथ, माझं चुकलं काय?"

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, कंपनीचा निर्णय आहे. जुन्या पैजा तुम्हाला खात्यात दिसतील.

मॅव्हिसनं चष्मा लावला. बराच वेळ तिचं बोट फोनवर सरकत होतं.

"सतरा पाउंड त्रेचाळीस पेन्स," तिनं वाचलं. "एकतीस पाउंड सहा पेन्स. अशी पैज कोण लावतं रे? पेन्सापर्यंत मोजणारा या घरात एकच आहे."

आकडा गोल कर, सुटे पेन्स दिसले की बुकीला वास लागतो, असं या खेळातले सगळेच सांगत. पण रेल्वे कारखान्याच्या कचेरीत चाळीस वर्षं आकडे जुळवलेल्या हाताला ते जमलं नव्हतं.

"मी सांगणार होतो तुला," तो म्हणाला. तेही खरं नव्हतं.

"लबाड ठरले मी. आणि त्या पोरीपुढे शपथा घेत बसले!"

"मी मैदानावर जातो. तिथं रोख घेतात. तुझे दोन पाउंड लावून येतो."

"काही नको. तू हात लावलास की त्यातली मजाच जाते." ती कोट चढवत होती. "माझा घोडा हरला की मला वाईट तरी वाटतं. तुला कधी वाटलंय? तुला सगळे सारखेच. मी शेजारी एडनाकडे बघते शर्यत."

दार लागलं. शर्यतीची वेळ झाली तशी क्लिफर्डनं टीव्ही लावला. घोडे सुटले, वळणावर आले, समालोचक भराभर नावं घेऊ लागला. भिंतीपलीकडून दोघींची आरडाओरड येत होती, शब्द मात्र कळत नव्हते. तिचा घोडा पहिला यावा असं त्याला फार वाटलं. तो उठून पडद्यापाशी गेला. त्यातला तिचा कोणता, हे त्यानं विचारलंच नव्हतं.