छत्रीचा केक

सासूबाईंच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाचा केक घरीच करायचा, हे थोरल्या सुनेनं परस्पर ठरवून टाकलं. सासूबाईंची अट एकच होती. "सुरी नको. एकाला एवढा तुकडा, दुसऱ्याला तेवढा, मग तोंडं वाकडी. ज्यानं त्यानं आपापला उचलावा."

म्हणजे कपकेक जोडून केलेला केक. थोरलीनं छत्रीचा आकार निवडला, कारण आभाळ असो नसो, सासूबाई छत्रीशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नसत. भाजण्यात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. कपकेक एकसारखे फुगले. मोठ्या पुठ्ठ्यावर तिनं ते अर्धगोलात मांडले, खाली दांड्यासाठी एक वाकडी रांग लावली आणि जरा लांब उभी राहून पाहिलं. छत्री दिसत होती. इथपर्यंत सगळं झकास होतं.

आयसिंगला हात घातला आणि घोटाळा झाला. सुरीनं पसरायला जावं तर कपकेक सरकायचे. दोन कपकेकच्या मधल्या फटीत आयसिंग खाली जाऊन बसायचं. केकचा भुगा उठून पिवळ्या आयसिंगमध्ये मिसळला. नवरा पाणी प्यायला आत आला, वाकून बघत म्हणाला, "छत्रीला भोकं पडलीत की गं."

"तुम्ही खुर्च्या मांडा जा," ती खेकसली.

एके काळी याच ओट्यावर दोघी जावा मिळून केकच्या ऑर्डरी करत. थोरली भाजायची, धाकटी सजवायची. धाकटीच्या हातून गुलाब असे उतरत की लोक वास घ्यायला वाकत. एकदा केक न्यायला आलेल्या बाई हरखून म्हणाल्या, "कुणी केला हो हा?" थोरली म्हणाली, "मीच की. ही नुसता वरून रंग फासते."

सहज बोलून गेली. धाकटी शेजारीच उभी होती. तिनं आयसिंगच्या पिशवीचे नोझल धुतले, पुसले, डब्यात ठेवले. पुढे काही महिन्यांनी ती आणि धाकटे दीर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले, आणि तिनं एका मोठ्या बेकरीत नोकरी धरली. भांडण झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. थोरली मग फक्त साधे कपकेक विकू लागली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "हल्ली लोकांना वरचं गोड नको असतं."

"येऊ का, ताई?"

धाकटी लवकर आली होती. स्वयंपाकघराच्या दारात चपला काढून उभी होती. जिथं तिनं इतकी वर्षं काढली, तिथं ती आत यायला विचारत होती.

"ये ना गं. बघ, काय करून ठेवलंय."

धाकटीनं पाहिलं. हसली नाही, चुकचुकलीही नाही. बाह्या सारल्या आणि कपकेक एकेक करून उचलले. प्रत्येकाच्या बुडाला आयसिंगचा ठिपका लावून ते पुठ्ठ्यावर परत चिकटवले, अगदी खेटून. मग म्हणाली, "यात लोणी मऊ पडलंय. थोडी पिठीसाखर घाला, घट्ट होऊ दे." थोरलीनं घोटलं. धाकटीनं पिशवीत भरून आधी नुसत्या फटी भरून काढल्या, त्यावर पातळ थर ओढला आणि पुठ्ठा फ्रिजमध्ये सरकवला. "भुगा त्यातच बसतो. आता वरचा थर स्वच्छ येईल."

थर घट्ट होईपर्यंत दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. थोरलीनं हात पुसले, पुन्हा पुसले.

"त्या दिवशी मी बोलले ना, त्या बाईंसमोर—"

"आठवतंय," धाकटी म्हणाली.

"मला तसं म्हणायचं नव्हतं गं."

"म्हणायचं होतं, ताई. तेव्हा तुम्हाला तसंच वाटत होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. "मी बरेच दिवस वाट बघितली. वाटलं, आज बोलाल, उद्या बोलाल. तेव्हा बोलला असतात तर मी कुठं गेले नसते."

"मग आता ये ना परत. पहिल्यासारखं करू."

"आता नको. मला तिथं आवडतं." तिनं फ्रिज उघडला. "पुठ्ठा धरा जरा, हलू देऊ नका."

थोरलीनं पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. धाकटीच्या हातातली सुरी एका दमात फिरली आणि अर्धगोल आरशासारखा सपाट झाला. मग लाल आणि पिवळ्या पाकळ्या, कडेला झालर, दांड्यावर बारीक रेघा. भोकं कुठं होती ते आता कुणाला शोधून सापडलं नसतं.

संध्याकाळी माणसं जमली. थोरली केकच्या बाजूलाच उभी राहिली. कुणी विचारलं, तर काय सांगायचं ते तिनं मनाशी घोकून ठेवलं होतं. पण कुणी विचारलंच नाही. "वा, छत्री!" म्हणत ज्यानं त्यानं आपापला कपकेक उचलला आणि बघता बघता पुठ्ठा उघडा पडला. धाकटी बाहेर खुर्च्यांमधून पाण्याचे पेले फिरवत होती.

शेवटी न राहवून थोरली सासूबाईंच्या कानाशी वाकली. "आई, आयसिंग धाकटीचं आहे हं सगळं."

"मग?" सासूबाई ओठाला लागलेलं आयसिंग पुसत म्हणाल्या, "तुझं कधी होतं?"

निघताना थोरली फाटकापर्यंत गेली. "सुट्टी कधी असते गं तुला? येत जा."

"मंगळवारी असते. बघते."

एका मंगळवारी ती खरंच आली. थोरलीनं ओटा सकाळीच मोकळा करून ठेवला होता, लोणी बाहेर काढून ठेवलं होतं. धाकटी पुढच्या खोलीतच बसली, चहा प्यायली, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. येताना तिनं तिच्या बेकरीतला बिस्किटांचा डबा आणला होता. तो थोरलीच्या हातात देत म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं यायचं कुणाकडे?"

थोरलीनं डबा घेतला. "कशाला गं उगाच," एवढंच तिला सुचलं.