पेन्सिलीने भरलेला अर्ज

नाव

गल्लीत कुणालाही विचारलंत तरी तिचं खरं नाव सांगता येणार नाही. एप्रनच्या खिशात कायम स्क्रू पिळायचे तीन पेचकस, म्हणून सगळ्यांची ती पेचबाई. शिलाई मशीन कितीही अडेल असो, तिच्यापुढे आलं की मुकाट चालू लागायचं. बावीस वर्षांत एकाही मशीनने तिला हरवलं नव्हतं, आणि आज एका गुलाबी कागदाने तिच्या तोंडाला फेस आणला होता.

अर्ज शिवणशाळेचा होता. तिथे मशीन दुरुस्तीचा नवा वर्ग निघत होता आणि शिकवायला माणूस हवं होतं. पेचबाईचं उजवं मनगट वर्षभर सुजत होतं. लोखंडी मशीन उचलायचं म्हणजे आधी श्वास रोखायचा, मग दात आवळायचे. डॉक्टर म्हणाले होते, "आणखी एक वर्ष असंच चालवलंत तर चमचासुद्धा उचलवणार नाही." जिन्याखालचं दुकान बंद होणार हे नक्की होतं. हातातली विद्या कुणाच्या हाती द्यायची, की शटरबरोबर तीही खाली ओढायची, एवढंच ठरायचं होतं.

मुदत होती उद्या दुपारी चारपर्यंत.

ऑक्युपेशन / जॉब / ट्रेड / प्रोफेशन / करिअर / व्होकेशन

"एका कामाला सहा रकाने? वन्सं, ह्यांना नक्की विचारायचंय तरी काय?"

वन्सं म्हणजे तिची नणंद. तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाली होती. शिकवायची खाज तेवढी निवृत्त झाली नव्हती. भाऊ गेल्यापासून नणंद-भावजय एकाच घरात राहत होत्या, आणि भांडायला दोघींना तिसऱ्याची गरज कधी पडली नाही.

"सगळ्यांचा अर्थ काम, वहिनी. लिही सगळीकडे मशीन दुरुस्ती आणि हो मोकळी."

"असं कसं? दोन स्क्रू दिसायला सारखे असतात, पण एकाचे आटे बारीक, दुसऱ्याचे जाड. चुकीचा घातला तर भोकच वाया जातं."

असं म्हणून पेचबाईने टेबलावर कापड अंथरलं. मशीन उघडताना ती असंच करायची. निघेल तो स्क्रू निघाल्या क्रमाने कापडावर ठेवायचा, म्हणजे जोडताना चुकायला नको. तिने सहा शब्द सहा चिठ्ठ्यांवर लिहून ओळीत मांडले.

"हं, बोला आता. हा पहिला?"

"ऑक्युपेशन. तुझा दिवस कशात जातो ते. सरकारी कागदावरचा शब्द. त्यात ना कौतुक, ना कमीपणा."

"आणि जॉब?"

"कुणीतरी दिलेलं काम. ज्याने दिलं तो काढूनही घेऊ शकतो."

"मला कुणी दिलंच नाही, तर काढणार काय कपाळ! इथे रेघ मारते."

"ट्रेड म्हणजे हाताने शिकलेलं. कुणाच्या तरी शेजारी बसून, बोटं पोळवून घेऊन."

"सुई बोटात घुसवून चालेल का?"

"चालेल. प्रोफेशनला मात्र परीक्षा लागते, मंडळ लागतं, भिंतीवर फ्रेम लागते. माझं प्रोफेशन होतं."

"आणि बाकावर चढून वर्गातला पंखा दुरुस्त करायचात ते?"

"तो नाइलाज होता!" वन्सं फुरंगटली. "करिअर म्हणजे जिना. आज ह्या पायरीवर, उद्या वरच्या."

"मी तर बावीस वर्षं जिन्याखाली बसले."

दोघी इतक्या हसल्या की चहा उतू गेला. शेगडी पुसून होईपर्यंत सहाव्या चिठ्ठीची आठवण कुणाला राहिली नाही. मग वन्संच गंभीर झाली.

"व्होकेशन. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी बघत नसतं, तरी माणूस करत राहतो ते."

पेचबाईने बराच वेळ विचार केला. तसं काही आठवेना. तिने तो रकाना रिकामा सोडला. नसलेला स्क्रू ओढूनताणून बसवायचा नाही, हा तिचा नियमच होता.

अनुभवाचा दाखला (सोबत जोडावा)

(कोरा)

फक्त कार्यालयीन वापरासाठी. येथे काही लिहू नये

दुसऱ्या दिवशी साडेतीनला कारकुनाने अर्ज उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बाई, हे पेन्सिलीने भरलंय?"

"हो."

"चालत नाही. आणि दाखला कुठाय?"

"तुमच्या इथली चाळीसच्या चाळीस मशीनं मीच बघते. तुम्ही ओळखता की मला."

"मी ओळखतो हो. कागद ओळखत नाही." कारकून मनाने वाईट नव्हता, नुसता कारकून होता. "जुन्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या. नव्या येऊन तीन महिने झाले. त्यांना काय दाखवू?"

आवाज ऐकून नव्या मोठ्या बाई स्वतःच बाहेर आल्या. बेताची उंची, केसांत खोचलेलं पेन. त्यांनी अर्ज पाहिला आणि त्यांनाही तोच प्रश्न पडला. "पेन्सिल का?"

"शाई तेलात पसरते," पेचबाई म्हणाली. "सवय पडलीय. मशीनला तेल असतंच, तिथे पेन्सिलच टिकते."

"मशीनवर तुम्ही काय लिहिता?"

पेचबाई गडबडली. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मशीनवर नाही. चिठ्ठी असते. पुढच्या खेपेला बरी पडते."

शेजारचाच वर्ग रिकामा होता. ती पहिल्या मशीनपाशी गेली, लाकडी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला आणि उलटा केला. तळाला खालून चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, एकीच्या बाजूला एक, तेलाने पिवळ्या पडलेल्या. अक्षर मात्र जिथल्या तिथे होतं.

मोठ्या बाई वाचू लागल्या. *टाका खालून सुटतो. कुणीतरी स्क्रू जास्त आवळला. दीड फेरा सैल केला.* दुसरी: *सुई मोडते. सुईचा दोष नाही, कापड ओढलं जातं. हात हलका ठेवायला शिकवा.*

त्यांनी दुसऱ्या मशीनचा ड्रॉवर काढला. मग तिसऱ्याचा. *बसणारी डावखुरी आहे. दिवा दुसऱ्या बाजूला घ्या.* चौथ्यापाशी त्या खाली बसल्या आणि मोठ्याने वाचलं, "*मशीनला काहीही झालेलं नाही. मुलगी घाबरते. दोरा न ओवता आठ दिवस नुसतं चालवू द्या.*"

कारकून दारात उभा होता; त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे लिहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही." पेचबाईला वाटलं, काही चुकलं की काय. "कागद माझाच वापरला, शाळेचा नाही."

मोठ्या बाईंनी चार ड्रॉवर कडेला नीट मांडून ठेवले. "नव्या वर्गात काय शिकवायचं ह्याचं पुस्तक मी तीन महिने शोधतेय," त्या म्हणाल्या. "आणि ते माझ्याच ड्रॉवरखाली! तुमचं मनगट सुजलंय, दिसतंय मला; मशीन उचलायला मुली आहेत. तुम्ही शिकवायचं. दाखला मी देते. सोमवारी पहिला तास घ्या, बाकी मंडळाशी मी बोलते."

"पण अर्ज…" कारकून म्हणाला.

"अर्ज शाईनेच. त्यात सूट नाही."

घड्याळात चार वाजायला बारा मिनिटं होती. कारकुनाने नवा गुलाबी कागद दिला आणि स्वतःचं पेनही दिलं, झाकण काढून.

अर्ज, दुसऱ्यांदा

फाटकापाशी वन्सं उभी होती. घरी वाट बघायची असं ठरलं होतं, पण तिचं ठरलेलं कधी टिकलंय!

"काय झालं? बोल पटकन! नाही म्हणाले? मी जाते आत, कोण आहे तो?"

"सोमवारी पहिला तास," पेचबाई म्हणाली, आणि वन्संनी तिला भर रस्त्यात मिठी मारली. पेचकस टोचले तेव्हा कुठे सोडली.

चालता चालता मास्तरीण जागी झाली. "सगळे रकाने नीट भरलेस ना? ट्रेड?"

"मशीन दुरुस्ती."

"जॉब?"

"रेघच ठेवली. सोमवारपासून खोडीन."

"आणि व्होकेशन? ते कालपासून रिकामंच होतं."

पेचबाईने दुखरा हात वन्संच्या हातात अडकवला.

"भरलं. चिठ्ठी लिहून ठेवणं."