बाह्यांचे मोजे

माझी थोरली मुलगी उमा हिचा नवरा विष्णू फौजेत होता. पठाणकोटच्या पुढे डोंगरात त्यांना क्वार्टर मिळालं होतं. उमाचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे दहिवलीला व्हायचं, पण श्रावणात तिची आई, माझी बायको जना, गेली. मग उमानं यायचं कोणाकडे? ती तिथेच राहिली. दिवाळीनंतर मुलगा झाला आणि तिनं कळवलं, बाबा, सगळे या.

मी कर्जत स्टेशनात खलाशी होतो. रेल्वेचा पास मिळणार होता. अडचण थंडीची होती. जना छातीच्या दुखण्यानं गेली, आणि धाकट्या चिमाची छातीही तशीच. जरा गारवा लागला की शिट्टीसारखी वाजायची. चिमा तेव्हा आठ वर्षांची. आई गेल्यापासून ती कमीच बोलायची. पण उमाचा निरोप ऐकल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, ताईकडं मी पन येनार ना?"

"येणार की," मी म्हणालो.

"नाय येनार," आतून सोनुबाई म्हणाली.

सोनुबाई माझी सासू. त्याआधी ती माझी मामी, म्हणून मी तिला मामीच म्हणायचो. लेक गेल्यावर ती आमच्याकडेच राहिली होती.

"हिरू, तुला जायचं तर जा. मी पोरीला घेऊन हितं ऱ्हाते. एक दिली छातीनं. दुसरी नाय देनार."

मी चिमाला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कपडे नीट घाला आणि खुशाल न्या. घरी येऊन मी मामीला सांगितलं.

"त्या डागदरानं कवा हिच्या पाठीला कान लावून रात काढलीय का?" मामी म्हणाली.

खरं सांगायचं तर भीती मलाही होती. पण पोरीला मागे ठेवून गेलो असतो तर ती अजूनच गप्प झाली असती.

आमच्याकडे लोकरीचं काही नव्हतं. लागलंच नाही कधी. कर्जतच्या बाजारातले नवे स्वेटर मला झेपणारे नव्हते. मग मला अंबूबाई बोहारीण आठवली. ती नेरळहून यायची. जुने कपडे घ्यायची, बदल्यात भांडी द्यायची. माथेरानच्या बंगल्यांतले कपडेही तिच्याकडे येत, हे मी जनाकडून ऐकलं होतं. अंबूबाई दारात आल्यावर मी फळीवरचा मोठा स्टीलचा डबा खाली काढला.

"हा घे आणि मला गरम कपडे दे."

अंबूबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "आता गं बाई! लोकं कापडं देऊन भांडी घेत्यात. तू भांडं देऊन कापडं मागतोस? आनि हा तर माझाच डबा. जनीनं माझ्याशी दोन येळा भांडून नेलेला."

"तोच."

ती हळूच म्हणाली, "जनीची लुगडी आसतील ना रं घरात?"

"ती द्यायची नाहीत."

तिनं परत विचारलं नाही. पुढच्या खेपेला गाठोडं घेऊन आली. त्यात पुरुषाचा एक भलामोठा तपकिरी स्वेटर होता, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेला. एक बाईमाणसाचा पातळ स्वेटर होता, एक मफलर, एक जाड शाल. मी डबा तिच्या हातात दिला. तिनं उठता उठता पाटीतून एक माकडटोपी काढून चिमाच्या डोक्यात घातली.

"ही कशात?" मी विचारलं.

"जनी आसती तर भांडून घेतलीच आसती. तिच्या भांडनातली समज."

ती गेल्यावर मी गाठोडं मामीपुढे उलगडलं.

मामी मात्र गाठोड्याकडे बघून म्हणाली, "हे गरम हायत कशावरनं? हितं तर मला पदरानं पन घाम फुटतोय."

ते बरोबर होतं. आमच्याकडे ती थंडी आणायची कुठून? तेव्हा मला गजा आठवला. गजा माझा मावसभाऊ, कुंभिवलीला हायवेलगत एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. तिथे बर्फाच्या लाद्या ठेवायची बंद खोली होती. मी मामीला म्हणालो, "चिमाला कपडे घालून तिथे बसवू. तूही बस. छाती वाजली तर मी पुन्हा शब्द काढणार नाही."

मामीनं विचार केला आणि शाल काखेत मारली.

खोपोलीवरून एस.टी.नं आम्ही कुंभिवलीला गेलो. गाडीतले लोक चिमाच्या माकडटोपीकडे बघत होते. गजानं आमचं म्हणणं ऐकलं आणि पोट धरून हसला.

"हिरू, लोकं हितं बरफ न्यायला येत्यात रं. तू सासू घेऊन आलास ठेवायला!"

"मेल्या, दार उघड," मामी म्हणाली.

आत गेल्यावर श्वास पांढरा दिसायला लागला. चिमाला त्याचं नवल वाटलं. तिला आम्ही पातळ स्वेटर घातला होता, वरून तो मोठा, तिच्या गुडघ्याखाली येणारा. कान टोपीत आणि वर मफलर. कानातून थंडी शिरते हे आम्हाला माहीत होतं, म्हणून कान आम्ही असे बांधले होते की तिला हाक ऐकू येत नव्हती. रिकामं खोकं पालथं घालून तिघं बसलो. थोड्या वेळानं चिमानं एक पाय वर घेतला. मग तो खाली आणि दुसरा वर. मग ती खोकली.

मामी ताडकन उठली. "झालं समाधान? चल भायेर."

बाहेर उन्हात मामीनं तिच्या पाठीला कान लावला. छाती वाजत होती, बारीक, पण वाजत होती. चिमानं टोपी काढून माझ्या हातात दिली. येणार का, असं तिनं या वेळी विचारलंही नाही.

मी खाली मान घालून उभा होतो, तेव्हा मला आमचे पाय दिसले. चिमाच्या पायांत रबरी स्लिपर. माझ्याही. मामी अनवाणी. चिमाची बोटं निळी पडली होती. आत तिघंही आम्ही शेतातल्या बगळ्यासारखे पाय बदलत होतो. आणि समोर उभ्या गजाच्या पायांना गोणपाट गुंडाळलेलं होतं, वर गमबूट. जन्मभर चिखलात अनवाणी गेलेली आम्ही माणसं. पायाला कपडा लागतो हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मामी, अजून एकदा," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी. शेवटचं."

तिनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

बाजारात शाळेचे पातळ मोजे होते, त्यांचा उपयोग नव्हता. घरी मी जनाचा शिवणाचा डबा काढला. तपकिरी स्वेटरच्या बाह्या खांद्यातून कापल्या.

"आरं, चांगला सोटर नासतोस!" मामी ओरडली.

कापलेली लोकर उसवायला लागली. मी घाईनं कड दुमडली आणि दाभणानं जाड टाके घातले. मनगटाकडचं टोक शिवून बंद केलं. ती पंज्याची बाजू झाली. बाही चिमाच्या पायात चढवली तर चामड्याचा तुकडा बरोबर टाचेवर आला. कोपराजवळ लोकर सैल झालेली होती, त्यात टाच नीट बसली. दुसऱ्या बाहीचंही तसंच केलं. वरचा भाग तिच्या गुडघ्यापर्यंत आला, तिथे नाडी बांधली. उरलेल्या धडाची बंडी झाली. पायांत उमाचे शाळेतले जुने कॅनव्हासचे बूट.

मामीनं टाके बघितले. "गोनी शिवल्यावानी शिवलंस," म्हणाली. मग दाभण माझ्या हातातून घेऊन एका बाजूचे टाके उसवून तिनं परत घातले.

रविवारी आम्ही परत त्या खोलीत बसलो. या वेळी मामी चिमाच्या मागे बसली. तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता आणि कान पोरीच्या पाठीला टेकलेला होता.

"गजा, त्या मशनीचं तोंड बंद कर. मला पोरीची छाती ऐकायचीय."

"मामी, मशीन बंद केलं तर बरफाचं पानी व्हईल, आनि शेठ माझं पानी करंल. दार लावतो, मग नाय एवढं ऐकू येत."

दार लागलं. मशीनचा आवाज कमी झाला. मी फक्त मामीच्या तोंडाकडे बघत होतो. चिमाचे पाय जमिनीला टेकलेले होते. ती ते हलवत नव्हती. श्वासाची वाफ येत होती, जात होती. मामीनं डोळे मिटले. तिनं कान जरा सरकवला, परत टेकवला. मला वाटलं, आता ती वाजतेय म्हणणार.

"नाय वाजत," मामी म्हणाली.

"नीट ऐक."

"नाय वाजत रं हिरू. कायच नाय."

मी बर्फाच्या लादीवरच बसलो आणि तसाच उठलो. चिमा हसली. श्रावणानंतर तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग गजा हसला, मामीही हसली आणि मला म्हणाली, "आता तुझं बूड शेक."

परतीच्या गाडीत मामी म्हणाली, "तुमी जानार, मग मी घरात एकटी काय करू? माझ्या पायांना काय घालतोस?"

रेल्वेच्या पासात सासू बसत नव्हती, तिचं तिकीट वेगळं काढावं लागलं. तिच्या मोज्यांसाठी शालीचा एक पदर गेला. बांधाबांध करताना तिनं मला न विचारता जनाचं एक लुगडं ट्रंकेतून काढलं, धुवून धुवून मऊ झालेलं, आणि फाडून बाळासाठी दुपटी केली. मी बघत होतो. मला वाईट वाटलं नाही. दुपटी तिनं चिमाच्या मोज्यांशेजारी ठेवली.

डोंगरात आम्ही उतरलो तेव्हा समोरच्या शिखरावर बर्फ होतं. चिमानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढीच थंडी? गजाकाकाकडं जास्त हाय."

उमानं तिचे मोजे बघून विचारलं, "बाबा, हिच्या टाचांना चामडं कसलं?" सांगितल्यावर ती खूप हसली. मग तिनं चिमाला जवळ घेतलं, आणि दोघी आईसाठी रडल्या. तेही व्हायचंच होतं.

रोज सकाळी मामी आधी चिमाच्या पाठीला कान लावायची आणि मगच बाळाच्या अंघोळीचं पाणी काढायची. एके सकाळी ती सरळ बाळाकडे गेली. कान लावायला विसरली होती. मी तिला आठवण करून दिली नाही.